डावी टाच

धामणगाव रेल्वेपासून दोन कोसांवर आमचं गाव. आठवड्याचे सहा दिवस मी धामणगावच्या जिनात रुईचे गठ्ठे उचलायचो आणि रविवारी सकाळी घराच्या दारात लोकांच्या पाठी तुडवायचो. मी पायाळू होतो. जे मूल आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांकडून बाहेर येतं ते पायाळू, आणि त्याचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण निघते, असं आमच्याकडं लहानथोर सगळे मानत.

माणसाला पोत्यावर पालथं निजवायचं, कंबर बरोबर उंबरठ्यापाशी. डावी टाच कण्याच्या कडेनं वरून खाली तीनदा फिरवायची आणि तिसऱ्यांदा कमरेशी आली की झटका द्यायचा. माणूस एकदा 'आई गं' म्हणायचा, मग उठून बसायचा आणि म्हणायचा, "निंगाली बाप्पा." बदल्यात सुपारीचं खांडसुद्धा घ्यायचं नाही, घेतलं तर पायाचा गुण जातो. मोठ्या घरच्या माणसांकडं मी जायचो. लेकरांना मात्र पायाळूच्याच उंबरठ्यावर आणावं लागे.

हे सुरू कसं झालं ते सांगतो. मी नऊ वर्षांचा असेन. खुशालराव पाटलांच्या बापाचं खळं चालू होतं. ज्वारीची रास पडलेली, तिची पूजा व्हायची होती. आमची बकरी उधळली आणि तिच्यामागं धावता धावता मी थेट राशीत गेलो. घोट्यापर्यंत पाय ज्वारीत रुतला. महाराच्या पोरानं पूजेआधी राशीत पाय घातला म्हटल्यावर दोन माणसांनी मला दंडाला धरलं. तिसऱ्यानं गाडीच्या कडेची लाकडी उभारी उपसली आणि विचारलं, "कोन्ता पाय होता बे?"

मी भीतीनं डावा पाय पुढं केला.

माझी आई सुंदराबाई खळ्याच्या कडेला झाडत होती. ती झाडणी टाकून धावत आली. "त्या पायाले हात लावू नका! पायाळू हाये थो!"

उभारी खाली आली नाही. खुशालरावांची म्हातारी आई तेव्हा उसण भरून सात दिवस आडवी होती. मला मागच्या दारानं आत नेलं. म्हातारी अंगणात चटईवर पालथी पडली होती. ती म्हणाली, "हात नको लावू रे. फक्त पाय." तोल जाऊ नये म्हणून मला एक काठी दिली. मी टाच ठेवली, सांगितलं तसं दाबलं. दुसऱ्या दिवशी म्हातारी उठून चुलीपाशी बसली.

मी पायाळू आहे हे त्या दिवसापर्यंत मला ठाऊक नव्हतं. पण नऊ वर्षांच्या पोराला स्वतःच्या जन्माचं काय ठाऊक असतं? आई म्हणाली म्हणजे असेल.

तेव्हापासून बोलावणी येऊ लागली. जो माणूस माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतायचा तोच माझ्या पायाखाली पालथा पडायचा. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू? गावात ताठ चालणारा आमच्या वस्तीतला मी पहिला.

छप्पन्न साली आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. घरातले देव नदीत सोडले. पाय तेवढा राहिला.

माझा धाकटा भाऊ धर्मपाल अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात लागला होता. तिथं एक्स-रे काढण्याच्या खोलीत मदतनीस. तो सुटीत आला की आमचं भांडण ठरलेलं.

"दादा, सटवाई सोडली, मरीमाय सोडली. हे लाथा मारनं कवा सोडशीन?"

"अबे, पाय काय देव हाये का? लोकाइले फायदा होते."

"पाटलाले मार, सावकाराले मार, आपलं काई म्हननं नाई. मलेबी पाहून बरं वाटते. पन लेकराच्या पाठीवर काहून पाय ठेवून राहिला? म्या पाह्यले ना फोटोत लेकराचे मनके. मोठ्यावानी हाडच नसते ते. अर्धं कवळं असते."

"लेकराले मी हलकाच लावतो."

"हलका म्हंजे किती? तागडीत मोजून लावतं का?"

"तुले काय समजते? थंड्या खोलीत बसून फोटो काढतं. इथं लेकराइच्या माया रडत येते आन हासत जाते."

"माया हासत जाते. लेकरू काय म्हनते थे इचारलं का कधी?"

"लेकरू काय म्हननार? रडते. सुईले रडते, आंघोळीले रडते, टाचेलेबी रडते."

यावर वस्तीतले लोक माझ्याच बाजूनं बोलायचे. एकाच्या पोराची मान वाकडी होती ती सरळ झाली होती. एकीची पोरगी रात्रभर किरकिरायची, ती माझ्याकडून गेल्यावर झोपली होती. ज्यांना गुण आला नव्हता ते परत येत नसत, त्यामुळं त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं.

आमच्या शेजारी इंदूबाई राहायची. नवरा गेलेली, निंदणाला जाऊन पोट भरणारी बाई. तिची एकच पोरगी, मैना. मैना सहा वर्षांची असताना तिची पाठ दुखू लागली. ती वाकेना, काही खाली पडलं तर गुडघे मोडून बसून उचलायची. इंदूबाईनं तिला आणलं. मी टाच फिरवली, झटका दिला. वीस-बावीस दिवसांनी मैनाचे पाय लुळे पडले. वारं गेलं, असं सगळे म्हणाले. इंदूबाईही म्हणाली, मीही म्हणालो. त्यानंतर इंदूबाई तिला आणखी दोनदा घेऊन आली. "देवमन भाऊ, पाह्यना, बसते का परत." मी दोन्ही वेळा टाच दाबली, पहिल्यापेक्षा जास्त जोरानं. गुण आला नाही. आता ती आठ वर्षांची होती, हातांवर सरकत चालायची आणि दारात बसून तूर निवडायची. मी जिनातून येताना तिला ऊस आणायचो. तिचं आणि माझं चांगलं होतं.

त्रेसष्ट सालच्या माघातला तो रविवार. आठ-साडेआठ वाजले असतील. खुशालराव पाटलांची बैलांची दमणी आमच्या वस्तीत शिरली. पाटील स्वतः वस्तीत यायची ही पहिलीच वेळ. सोबत त्यांची पोरगी वेणू, अकोल्याला दिलेली, आणि तिच्या कडेवर चादरीत गुंडाळलेलं पोर. गोवर्धन त्याचं नाव, चौदा महिन्यांचा.

पाटील उतरता उतरता म्हणाले, "देवमन, नातू हाये बाप्पा माहा. उभं राहून राहिलता. आता महिना झाला, बसनंबी सोडलं त्यानं."

"उचललं का चिचाळते," वेणू म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "अकोल्यात तेल चोळून पाह्यलं, ताकतीचं औषध पाजलं. काईच होत नाई."

"उसणच हाये," पाटील म्हणाले. "माह्या घरची हाडंच तशी. माह्या मायले, मले, आता याले. ठेव वं त्याले खाली."

आईनं पोतं अंथरलं, त्यावर धडूतं घातलं आणि पोर तिच्या हातात घेतलं. वस्तीतली सगळी लेकरं तिच्याच हातून न्हायलेली. तिनं त्याचं झबलं काढलं, पालथं घातलं. पोर किंचाळलं. वेणूनं डोळे मिटून घेतले. शेजारच्या दारात मैना तूर निवडत बसली होती, ती मान वर करून पाहू लागली.

आईचा तळवा पोराच्या पाठीवरून खाली आला आणि मधेच थांबला. मी वाकून पाहिलं. कण्याच्या मधोमध हरभऱ्याएवढा मणी वर आला होता.

माझ्या मनात तेव्हा काय आलं ते लिहायला आजही हात धजत नाही, पण लिहितो. मला आनंद झाला. म्हटलं, सापडलं. मणका वर आला आहे, टाचेनं खाली बसवला की झालं.

मी काठी घेतली आणि डावा पाय उचलला. आईनं आपले दोन्ही हात त्या मण्यावर पालथे ठेवले.

"माय, हात काढ."

"नाई काढत."

"काय झालं सुंदराबाई?" पाटील म्हणाले. "पोरगं रडून राहिलं ना. होऊन जाऊ दे एक डाव."

"पाटील, लेकरू उचला आन अमरावतीले न्या."

"अवो, अमरावतीले काहून? पायाळू इथं उभा हाये ना."

"हा पायाळू नाई."

पोराचं रडणं तेवढं चाललं होतं. मला वाटलं, आई म्हातारी झाली, काहीतरी भलतंच बोलून गेली. मी हसलोसुद्धा. "माय, काय बोलून राहिली तू?"

"डोक्याकून झाला तू. सरळ. गंगूबाई सुईन होती, तिच्या हातात आधी तुहं डोकं आलं. तुहा पाय तोडून राहिले होते हे, म्हनून म्या बोलली. यायच्या बापाच्या खळ्यावर."

मी एका पायावर उभा होतो. दुसरा पाय खाली ठेवायचा असतो हेच मला सुचेना. काठी हातातून सुटली, मी दाराच्या चौकटीवर आदळलो, आणि तरीही तो पाय मी जमिनीला टेकवला नाही. तो माझा नाही असं वाटत होतं. कोणीतरी तीस वर्षांपूर्वी बदलून दिलेला.

पाटलांचा हात आपोआप स्वतःच्या कमरेवर गेला होता.

"म्हंजे माही माय..." ते म्हणाले. "माही माय कोनाच्या पायाखाली निजली?"

"माह्या पोराच्या."

"आन मी? चार खेपा उसण भरली मले. चारी खेपा उठलो."

"उसण आठ दिवसानं निंगूनच जाते पाटील. तुमी याले सातव्या दिवशी बलावत होते."

दुसऱ्या कुठल्या दिवशी पाटील यावर काय करते सांगता येत नाही. त्या दिवशी त्यांनी दमणीच्या चाकाला धरलं आणि खाली बसले, आमच्या अंगणातल्या मातीत.

मी आईला विचारलं, "मले काहून नाई सांगतलं?"

"कवा सांगू? पाटलाची माय दुसऱ्या दिवशी उठून बसली. मलेच वाटलं, खरं तेच आलं असन माह्या तोंडातून. मंग तुले बलावू लागले. तू ताठ चालू लागला. तुह्या बापाले कधी कोनी 'या' म्हनलं नोतं. तुले म्हनू लागले." तिचे हात अजून पोराच्या पाठीवर होते. "मोठ्याच्या पाठी तुडव, नाईतर नको तुडवू, मले त्याचं काई नाई. पन हा मनी म्या पाह्यला हाये. अस्साच. मैनाच्या पाठीवर. तुह्या टाचेखाली होता थो. तवा म्या हात नाई घातला. तवा म्या गप बसली."

मला शेजारच्या दाराकडं पाहवेना. पण सुपातल्या तुरीचा आवाज थांबला होता, तो ऐकू आला.

वेणूनं पुढं होऊन पोर उचललं, चादरीत गुंडाळलं.

"बाबा, बडनेऱ्याची गाडी कवा हाये?"

"थांब वं, जरा इचार करू दे."

"मी नाई थांबत. येनं असन तर या."

पाटील उठले. दमणीत बसता बसता माझ्याकडं न पाहता म्हणाले, "तूबी चाल. तुहा भाऊ हाये ना तथी." मी गेलो. अंगावर होत्या त्या कपड्यांनिशी, पायात काही न घालता.

रविवारी आम्ही धर्मपालच्या खोलीवर राहिलो. सोमवारी सकाळी एक्स-रे निघाला. धर्मपालनंच फिल्म ओली ओली बाहेर आणली आणि डॉक्टरांच्या खिडकीपाशी धरली. लेकराचा कणा मी पहिल्यांदाच आतून पाहत होतो. बारीक बारीक ठोकळे एकावर एक ठेवल्यासारखे. मधला एक ठोकळा पुढून बसला होता, पावसात भिजलेल्या मातीच्या विटेसारखा.

डॉक्टर तरुणच होते, पुण्याकडचे असावेत. म्हणाले, "हाडाचा क्षय आहे. मणका आतून पोखरला गेलाय. लवकर आणलंत हे बरं केलं. इंजेक्शनं द्यावी लागतील, प्लॅस्टरमध्ये निजवून ठेवावं लागेल, वर्षभर तरी. पण पाय वाचतील असं मला वाटतं."

"पाय?" वेणू म्हणाली. "दुखनं तं पाठीत हाये डॉक्टरसाहेब."

"पायांना चालवणारी दोरी या मणक्यांच्या मागूनच जाते, बाई. हा मणका आणखी ढासळला असता तर ती दबली असती." मग त्यांनी विचारलं, "कोणी दाबलं वगैरे नाही ना? झटका? तुमच्याकडं पायाळूच्या लाथेचं काही खूळ आहे म्हणतात."

वेणू म्हणाली, "तेल चोळलं होतं." पाटलांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "नाई. झटका नाई देल्ला."

मी बोललो. बोलायचं ठरवलं नव्हतं. "साहेब, एक पोरगी हाये. तिलेबी असाच मनी होता. टाचेनं दाबला. मंग तिचे पाय गेले."

"किती दिवसांनी?"

"वीस-बावीस."

"आणि नंतर?"

"नंतर आनखीन दोन खेपा दाबला. पाय परत यावे म्हनून."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "पाय गेल्यावर? त्याच जागी?"

"हाव."

"कोणी?"

"म्या."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी उभा राहू शकलो असतो. त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं. उघड्या, मातीनं भरलेल्या पायांकडं. मी डावा पाय उजव्याच्या मागं नेला.

मी विचारलं, "दाबलं नसतं तं... गेले नसते का?"

"कदाचित तरीही गेले असते. या रोगात जातात. कदाचित नसते गेले. ते आता कोणालाच सांगता येणार नाही. तिला घेऊन या."

बाहेर व्हरांड्यात धर्मपाल माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मी वाट पाहत होतो, आता हा म्हणेल, सांगत नव्हतो का. इतकी वर्षं भांडलेला माणूस, त्याचा तो हक्क होता. तो म्हणाला, "मैनाले तू पह्यल्या डाव दाबलं, तवा मी घरीच होतो दादा. तुह्याशी भांडलो आन रागानं वावरात निंगून गेलो. आडवा नाई झालो. माय झाली."

मंगळवारी मी गावी परतलो आणि घरी न जाता इंदूबाईच्या दारात गेलो. ती तूर पाखडत होती. मैना भिंतीला टेकून बसली होती, पाय पुढं पसरलेले. रविवारी झालेलं सगळं दोघींनी ऐकलेलं होतं. तरी मी पहिल्यापासून सांगितलं. पायाळू नसल्याचं सांगितलं, फोटोतला मणका सांगितला, डॉक्टर जे म्हणाले ते सांगितलं, 'कदाचित' दोन्ही बाजूंचं. ते गाळून बोललो असतो तर सोपं गेलं असतं, कुठल्याही बाजूनं.

इंदूबाईनं पाखडणं थांबवलं नाही. दाणे संपून नुसता फोलपटांचा फुफाटा उडत होता.

"आन मी?" ती म्हणाली.

"तू काय?"

"तिले कोन आनलं होतं? मीच ना? ती हालून राहिली होती, म्हनून तिचे खांदे कोन दाबले? तू म्हनलं, 'पकडून ठेव.' म्या पकडली." तिचा आवाज चढला. "दुसऱ्या डाव म्या पकडली. तिसऱ्या डाव म्या पकडली!"

ती उठली आणि सुपानं मला मारू लागली. डोक्यावर, खांद्यावर, मिळेल तिथं. मी हात वर केले नाहीत. सुपाच्या कडेचा बांबू निघाला, माझ्या कानाला लागून रक्त आलं. तिला माझं रक्त दिसलं तरी ती थांबली नाही.

"माय," मैना म्हणाली. "एकच सूप हाये आपल्या घरी."

तेव्हा ती थांबली. सूप छातीशी धरून खाली बसली आणि तिथंच बसून राहिली.

मैना माझ्याकडं पाहत होती. रागानं नाही. एखाद्याला बऱ्याच दिवसांचं काही विचारायचं असावं तसं.

"काका, म्या तुमाले म्हनलं होतं."

"काय वं माय?"

"बस करा म्हनलं होतं. आत काहीतरी सरकून राहिलं म्हनलं होतं. तुमी म्हनले, 'निंगून राहिली, निंगून राहिली.' आन मंग तुमी जास्त दाबलं."

मला ते आठवत नव्हतं. किती जोर लावला तो आठवत होता, तिचा फ्रॉक कोणत्या रंगाचा होता तो आठवत होता. तिचे शब्द आठवत नव्हते. धर्मपालला मी काय सांगत आलो होतो? लेकरू काय म्हणणार, रडते. आणि हे लेकरू बोललं होतं, चांगल्या मराठीत, माझ्या पायाखालून. मी ऐकलंच नव्हतं. किंवा ऐकलं होतं आणि उसण बोलते आहे असं समजलो होतो.

त्याच आठवड्यात मी मैनाला पाठीवर घेऊन धामणगावला गेलो, आणि तिथून अमरावतीला. इंदूबाई सोबत होती, माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती. मैना नऊ महिने दवाखान्यात राहिली. तिच्या आणि गोवर्धनच्या खाटा काही दिवस एकाच लायनीत होत्या. वेणू तिला डब्यातलं काढून द्यायची. गोवर्धन पुढच्या वर्षी धरून धरून चालू लागला. मैनाच्या उजव्या पायात थोडा जोर आला. डाव्यात आला नाही. चामड्याचा पट्टा आणि दोन कुबड्या घेऊन ती परत आली.

आता सगळं संपलं असेल, लोक येणं बंद झालं असेल, असं वाटेल. एकही रविवार बंद झालं नाही.

मी दारात उभा राहून सांगायचो, मी पायाळू नाही, माझ्या आईनं माझा पाय वाचवायला खोटं सांगितलं होतं. लोक हसायचे. "पाटलाच्या मायले उठवलं थ्या पायानं, आन आता म्हनते मी नोहे!" कोणी म्हणायचं, म्हातारीला चळ लागला आहे. कोणी म्हणायचं, बौद्ध झाले, आता आपली सेवा करायची लाज वाटते. मोठी माणसं शिव्या देऊन निघून जायची, त्यांचं काही नव्हतं. पण लेकरं घेऊन आलेली माणसं हलत नसत. मी दार लावून घेतलं तर लेकराला उंबरठ्यावर निजवून बाहेर बसून राहत. एक बाई म्हणाली, "पाय नाई तं नाई, टाचेखालची माती तरी द्या, तिच्या पाठीले लावते." मी ते ऐकून आतल्या खोलीत गेलो आणि कानांवर हात ठेवून बसलो. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की माझं काम झालं. कोणाला ते खरं नकोच होतं. त्यांना टाच हवी होती.

मैना परत आली त्याच्या दुसऱ्या रविवारी ती कुबड्या टाकत आमच्या अंगणात आली. मला म्हणाली, "काका, सरका." आणि उंबरठ्यावर बसली. बरोबर मधोमध, कोणाला लेकरू निजवायला जागा राहणार नाही अशी.

पहिली दमणी आली ती पार शेंदूरजनाघाटची. संत्र्याच्या बागेवाला कोणी उत्तमराव, सोबत बायको आणि तीनेक वर्षांचा पोरगा. पोराची मान एका बाजूला वाकली होती.

"सरक वं पोरी. पायाळूबाबा हायेत का?"

"पायाळू नाई इथं."

"मले माहीत हाये, असंच सांगतात म्हने तुमी. दुरून आलो बाई. सरक."

मी आत, दाराच्या मागं होतो. बाहेर यायचं धैर्य मला झालं नाही.

मैनानं कुबड्या बाजूला ठेवल्या. जागेवरच वळली, त्याच्याकडं पाठ केली आणि झंपर मागून वर ओढला. कण्याच्या मधोमध आता मणी नव्हता, मुठीएवढं कुबड होतं.

"पाह्या," ती म्हणाली. "हात लावून पाह्या. लावा ना. दुखत नाई आता."

त्यानं हात लावला नाही. त्याची बायको दोन पावलं मागं सरली.

"हे... यायनं केलं?"

"यायनं दाबलं. माह्या मायनं पकडलं. मी बस करा म्हनत होती." तिनं झंपर खाली ओढला, वळली आणि त्यांच्या पोराकडं बोट केलं. "त्याले इचारलं का, कुठी दुखते?"

"थो काय सांगन? लहान हाये."

"इचारून तं पाह्या."

बाई खाली बसली. तिनं पोराला विचारलं. पोरानं आपलं बोट कानाच्या मागं नेलं आणि तिथं ठेवलं. त्याच्या आईनं केस बाजूला केले आणि ओरडली, "अवो, इथं तं गाठ हाये! पिकली हाये!"

"अमरावतीले न्या," मैना म्हणाली. "गाडी बाराले हाये. बडनेऱ्याले बदला लागते. दवाखान्यात धर्मपाल काकाले इचारा, एक्स-रेच्या खोलीत असते ते."

दमणी वळली. मी दाराच्या फटीतून पाहत होतो. त्या पोराची मान सरळ करायला मी टाच कुठं ठेवली असती, ते मला माहीत होतं. बरोबर तिथंच.

मैनानं कुबड्या जवळ ओढल्या, पण उठली नाही. वस्तीच्या टोकाला पुन्हा बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"काका," ती मागं न पाहता म्हणाली, "आनखीन एक येऊन राहिली. दार लावून घ्या."

मी दार लावून घेतलं.